जिपेवरची गिरणी

आमचे हे फौजेतून घरी आले ते डोक्यात जीप घेऊनच. तिकडं त्यांनी गाड्या चालवल्या होत्या, उघडून पुन्हा जोडल्याही होत्या. आल्यावर काही दिवस भावांबरोबर शेतात जाऊन पाहिलं, पण चित्त तिथं लागेना. मग एक दिवस परभणीहून लिलावातली जुनी जीप आणून दारात उभी केली. मागची बाकडी नाहीत, टप नाही, रंग निम्मा हिरवा आणि निम्मा गंजाचा. मी लेकीला कडेवर घेऊन बघत होते. मी विचारलं, "हिच्यात मानसं बसायची कुठं?"

"मानसं न्हाई बसायची," ते म्हणाले. "जवारी बसायची."

त्या वर्षांत आमच्या भागात अशा कापून-जोडून केलेल्या गाड्या पुष्कळ दिसायच्या. नवी गाडी आवाक्यातली नव्हती, म्हणून लोक जुनी जीप घ्यायचे, मागचा भाग कापायचे, लाकडी फळ्यांचा हौदा बसवायचे आणि तिला आपापल्या धंद्याला जुंपायचे. जिंतूर रस्त्याला एक गाडी सकाळी दुधाचे कॅन आणायची आणि दुपारी त्याच हौद्यात मंडपाचे बांबू न्यायची. एकानं वेल्डिंगची मशीन गाडीवर चढवली होती. मोडलेला लोखंडी नांगर तो बांधावर जाऊन जोडून द्यायचा. एका गाडीला चारी बाजूंनी भोंगे होते, आणि लग्न असो, निवडणूक असो की विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा, आवाज त्याच भोंग्यांतून यायचा. आमची गाडी पिठाची झाली.

ह्यांनी हौद्यात दगडी गिरणी बोल्टांनी आवळून बसवली. इंजिनापासून एक लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखालून मागं काढला, त्याच्या टोकाला चाक लावलं आणि त्या चाकावरून पट्टा वर गिरणीला नेला. गियरशेजारी जास्तीची एक दांडी होती. ती ओढली की गाडीची चाकं थांबायची आणि गिरणी फिरायला लागायची. वर पत्र्याचं छप्पर, वाऱ्यानं पीठ उडू नये म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री. बाजूला निळ्या रंगात ह्यांनी स्वतःच्या हातानं 'फिरती गिरणी' असं लिहिलं. 'गिरणी'ची पहिली वेलांटी मोठी आणि दुसरी छोटी झाली होती. मी ते सांगितलं तर म्हणाले, "वाचता येतंय ना? मग राहू दे."

ते गाडी चालवायचे, आणि लेकीला जावेकडं ठेवून गिरणी मी सांभाळायची. तेव्हा गावोगाव विजेची गिरणी होती, पण वीज नव्हती. असली तरी कधी येईल आणि कधी जाईल त्याचा भरवसा नव्हता. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की पंधरा-पंधरा दिवस दुरुस्तीला कुणी यायचं नाही, आणि बायका पुन्हा हातानं जातं ओढायला लागायच्या. म्हणून आमच्या गाडीचा आवाज आला की डोक्यावर डबे घेऊन त्या वाटेला लागायच्या. गिरणीवर बाई आहे याचंही त्यांना बरं वाटायचं. दळण जाड हवं की बारीक हे त्या मला बोटाच्या चिमटीनं दाखवायच्या, आणि दळण होईपर्यंत सासरमाहेरचं सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या.

चुकाही झाल्या. पोखर्णीला एकदा मी मिरची दळल्यावर दगड नीट झाडले नाहीत आणि त्याच दगडांवर एका घरची जवारी दळली. पुढच्या आठवड्यात त्या घरची सासू आली. मी आधीच हात जोडले. ती म्हणाली, "आमचे बुवा म्हणायलेत, मागच्या वारची भाकर लय चवीची होती, तसंच दळून आन. पर मिरची जरा कमी टाक, माय." त्यानंतर मी दगड दोनदा झाडू लागले.

गाडी कुठं उभी करायची, याचं मात्र ह्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलेलं होतं. आम्ही बौद्ध. ह्या भागातल्या बहुतेक गावांत आमची वस्ती एका अंगाला आणि गाव दुसऱ्या अंगाला. ते गाडी गावातही नेत नसत आणि वस्तीतही नेत नसत. दोन्हींच्या मध्ये, एसटीच्या थांब्यापाशी किंवा शाळेपाशी, उघड्यावर उभी करायचे. रांग एकच. जो आधी आला त्याचा डबा आधी. मला सुरुवातीला भीती वाटायची. नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात आमच्या आसपासच्या वस्त्यांनी जी जाळपोळ सोसली होती, ती मी विसरले नव्हते. मी म्हटलं, "कुनी येनार न्हाई एका रांगेत." ते म्हणाले, "येतील. पीठ लागतंय सगळ्यांना." पहिल्या फेऱ्यांना गावातल्या बायका लांब उभ्या राहून बघायच्या. मग एक आली, दुसरी आली. कुणी डबा दुरून सरकवायची, कुणी हातात द्यायची. मी सगळ्यांचे डबे सारखेच उचलत होते.

झरीच्या पुढच्या एका गावातली गोष्ट सांगायची आहे. वैशाख होता. त्या गावची डीपी ऐन लग्नसराईत जळाली होती. आम्ही नेमाच्या वारी सकाळी थांब्यापाशी जाऊन उभे राहिलो तर रांग एरवीपेक्षा लांब. सगळ्यांत पुढं वस्तीतली एक म्हातारी मजूरबाई होती. ती नेहमीच पहिली असायची. गाडीच्या आधी येऊन दगडावर बसून राहायची.

दळण सुरू होऊन थोडा वेळ झाला, तोच गावचे पाटील स्वतः चालत आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न. पुऱ्यांचे गहू आणि बुंदीची हरभऱ्याची डाळ, सगळं पोत्यांत तसंच पडून होतं. ते ह्यांना म्हणाले, "गाडी आमच्या अंगनात घ्या. सावली हाय, चहापानी होईल, दिवसभर निवांत दळा."

ह्यांनी दांडी ढकलून गिरणी थांबवली आणि खाली उतरले. "पाटील, लग्नाचं काम हाय, न्हाई म्हननार न्हाई. पर गाडी इथंच उभी राहील. पोती इथं पाठवा, रांगंत लावा."

पाटलांनी रांगेकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. मग ते वळून गेले. मला वाटलं, हे गाव आता आपलं सुटलं. पण थोड्या वेळानं बैलगाडी आली, पोत्यांनी भरलेली, आणि तिच्यामागं पाटील चालत. बैलगाडी रांगेच्या शेवटी, एका पोरसवदा सुनेच्या मागं उभी राहिली. ती सून लाजून बाजूला सरकायला लागली तर पाटील म्हणाले, "राहू दे, तुझा नंबर हाय."

आमची म्हातारी दगडावरून उठली. तिचं दळण केव्हाच झालं होतं, पण मजा बघायला थांबली होती. ती रांगेतल्या बायकांना म्हणाली, "लेकीचं लग्न हाय, बायांनो. आपन सांजच्याला दळू. घ्या त्यांचं आधी." कुणी कुरकुर केली नाही. डबे बाजूला झाले आणि बैलगाडी पुढं आली. पाटलांनी म्हातारीला हात जोडले. ती म्हणाली, "जोडू नका हात. बुंदी पाठवा."

निम्मे गहू झाले असतील, आणि पट्टा तुटला. फटाका फुटल्यासारखा आवाज आला, ताडपत्रीला चीर पडली आणि गिरणी थांबली. परभणीला जाऊन पट्टा आणायचा तर जाण्यायेण्यातच दुपार जाणार, आणि दुकान उघडं असेलच असं नाही. ह्यांनी विचारलं, "गावात डिझेलचं इंजिन हाय का कुनाचं?"

पाटलांच्याच विहिरीवर होतं. विहिरीला पाणी नव्हतं, इंजिन पडून होतं. त्याचा पट्टा काढून आणला. तो आमच्या पट्ट्याच्या दुप्पट लांब निघाला. कापावा तर पाटलांचं इंजिन पावसाळ्यात अडून राहणार. ह्यांनी डोक्याला हात लावून थोडा विचार केला आणि मग बोल्ट खोलायला घेतले. चौघांनी मिळून गिरणी हौद्यातून खाली उतरवली आणि गाडीच्या बाजूला, लांब पट्टा ताणून बसेल इतक्या अंतरावर जमिनीवर मांडली. गाडी सुरू केली. गिरणी फिरली खरी, पण पट्ट्याच्या ओढीनं गाडीकडं सरकायला लागली. खुंट्या ठोकल्या तर भेगाळलेल्या काळ्या मातीत त्या हलायला लागल्या. बाभळीला दोर बांधला, तरी गिरणी एका अंगाला कलायची. तिच्या चौकटीवर गव्हाची पोती ठेवली. तेवढ्यानं जमलं, पण ती पोतीच दळायची होती. एकेक पोतं दळायला उचललं की वजन कमी व्हायचं आणि गिरणी पुन्हा सरकायला लागायची.

बघ्यांत नवरीचे मामा होते. निजामाबादहून आलेले. कापडदुकानाच्या गादीवर बसून बसून अंग चांगलंच सुटलेलं, पांढरा सदरा, गळ्यात नवा गमचा. ते पुढं आले आणि ह्यांना म्हणाले, "मेरेकू बोलो ना भाऊ, मी बसतो. मी काही दळल्या जात नाही." आणि चौकटीवर मांडी घालून बसले. गिरणी जागची हलली नाही.

बायका पदर तोंडावर घेऊन हसायला लागल्या. माझ्याही हातून मापटं पडलं. मामांनी कुणाकडं लक्ष दिलं नाही. एका हातानं दोर धरला, दुसऱ्या हातानं पानाचा डबा उघडला. दुसऱ्या अंगाला वजन कमी पडायला लागलं तेव्हा वस्तीतल्या एका हमालाला त्यांनी बोलावून पाठीला पाठ लावून बसवलं. मग जो येईल त्याला ते गिरणीच्या आवाजावरून ओरडून सांगायचे, "आमी दोघं पोती आहोत. बोलू नका आमच्याशी." दुपारचं ऊन, इंजिनाचा ताव, उडणारं पीठ. डाळ संपेपर्यंत मामांच्या मिश्या, भुवया, कानावरचे केस, सगळं पांढरं झालं होतं. त्यांना उठवायला दोन माणसं लागली, कारण पायाला मुंग्या आल्या होत्या.

सांजेला बायकांचे राहिलेले डबेही त्याच पद्धतीनं दळले. मामा पुन्हा बसले. "आता सवय झाली," म्हणाले.

पाटलांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. ह्यांनी सरळ विचारलं, "पंगतीत का मागं?" पाटील गावाच्या दिशेनं बघायला लागले. मला त्यांचा राग आला नाही. घरात कुणाकुणाला काय सांगावं लागेल, हे ते मोजत असावेत. मामा बाजूला अंग झटकत होते. ते म्हणाले, "हे माझ्या शेजारी बसतील. मी दिवसभर यांच्या गिरणीवर बसलो, ते एक वेळ माझ्या शेजारी बसतील. आनि तो माझ्या पाठीचा जोडीदार पन."

पाटील म्हणाले, "या. पंगतीतच या."

आम्ही गेलो. मी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसले होते. पुरुषांच्या पंगतीत मामांच्या एका हाताला हे आणि दुसऱ्या हाताला तो हमाल. बायकांच्या पंगतीत मला पाटलीणबाईंनी स्वतः पाट दिला. माझ्या समोरच्या ओळीतल्या दोघी पानं वाढल्यावर उठून आत गेल्या. सगळ्यांनी ते पाहिलं. पाटलीणबाईंनी त्यांची पानं उचलली, दोन मुलींना त्या जागी बसवलं आणि वाढप चालू ठेवलं. मी पुरीचा तुकडा मोडून पानातच ठेवला. मग शेजारची बाई म्हणाली, "पुरी लय खुसखुशीत झाली, न्हाई? तुमीच दळलेलं ना?" मी म्हटलं, "व्हय." ती म्हणाली, "मग लाजायलाव कामून, घ्या अजून दोन." मी घेतल्या. बुंदीसुद्धा दोनदा घेतली. परतताना पाटलीणबाईंनी म्हातारीसाठी बुंदीचा मोठा डबा माझ्या हाती दिला. म्हातारीनं तो उघडून आधी वास घेतला आणि मग वस्तीतल्या सगळ्या पोरांना हाक मारली.

त्या वर्षभर त्या गावात आमचं येणं-जाणं राहिलं. पुढं डीपी बदलली, वीज बरी राहायला लागली आणि पाटलांच्या भावकीतल्या एकानं गावात नवी विजेची गिरणी टाकली. तिथं रांग कशी असते, ते मला माहीत नाही. आम्ही पुन्हा तिकडं गेलो नाही. गिरणीला दगड नवे बसवले, गाडीला रंग दिला आणि फेरी जिंतूरकडं वळवली.

चारठाण्याला पहिल्या दिवशी गाडी उभी केली तेव्हा भर दुपार होती आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. ह्यांनी गिरणी रिकामीच थोडी फिरवली. आवाज ऐकून एक बाई दारातून बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून बघत राहिली आणि मग तिनं विचारलं, "काय हाय हे? बस हाय का?"

"गिरनी हाय," मी म्हटलं.

"आनि चालती?"

"चालती बी आनि दळती बी."

"थांबा मग," ती म्हणाली, आणि डबा आणायला आत वळली.