अमेयच्या पात्यांची टोकं

अमेय तिसऱ्यांदा आपटला तेव्हा मी कठड्यापाशी उभा होतो. हिंजवडीकडच्या एका मॉलमध्ये बर्फाची जागा केलीय, शाळेच्या दोन वर्गांएवढी. तिथे कंपन्यांतल्या पोरी पात्यांचे भाड्याचे बूट घालून, कठडा धरून चालतात. त्यांच्यासमोर परदेशात पगार घेऊन खेळणारा हा गडी पाठीवर पडला, आणि त्या हसल्या.

"काका, पाती धरतात," अमेय उठत म्हणाला.

"धरणारच. धार आहे ती."

"मागे जाताना धरतात. टोकाला."

"पडतोस तू आणि नाव माझ्या धारेला?"

माझं शनिवार पेठेत धार लावायचं दुकान आहे. कात्र्या, सुऱ्या, न्हाव्याची हत्यारं. चौथीनंतर शाळा नाही, पण धारेतलं मला कुणी शिकवू नये, असं मी चारचौघांत बोलत आलो. अमेय आमच्या गल्लीतला. लहानपणी चाकांच्या बुटांवर हॉकी खेळायचा. पुढे शिकायला युरोपात गेला आणि बर्फावरच्या हॉकीत शिरला. लहानशी लीग आहे. सकाळी गोडाऊनमध्ये काम, संध्याकाळी खेळ. त्याच्या जागेला डिफेन्समन म्हणतात. समोरचा चकती घेऊन अंगावर येतो. याने त्याच्याकडे तोंड ठेवून उलटं पळायचं आणि त्याला आत शिरू द्यायचं नाही. म्हणजे अर्धी नोकरी उलटं पळण्याची.

पात्याचं सांगतो. बुटाखालचं पातं सुरीसारखं नसतं. तीन-चार मिलिमीटर रुंद असतं, आणि खालून लांबीभर किंचित खोलगट घासायचं. मग दोन्ही कडांना धार येते. त्या कडा बर्फ पकडतात. पाती बुटातून सुटी निघतात. दर उन्हाळ्यात घरी आला की अमेय धार लावून तीन-चार जोड बरोबर न्यायचा. तिकडे टीमचा माणूस आहे, मशीन आहे, तरी हा इथून न्यायचा. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो.

यंदा मात्र फेब्रुवारीत माझी बायको सुमन गेली. दुकानात आम्ही दोघंच, एकेचाळीस वर्षं. मी मशीनवर, तोंड भिंतीकडे. ती माझ्या पाठीमागे स्टुलावर. मी घासून दिलं की ती तेलाच्या दगडावर बर काढायची. बर म्हणजे घासल्यावर कडेला लोंबते ती केसाएवढी कोर. मग पुसून कागदात गुंडाळायची. यंदा दोन्ही कामं मी केली. जीव ओतून केली. ती असताना कधी लागली नाही अशी धार लावली. खरं सांगतो, ती गेल्यावर लोक दुकानात येऊन "काकूंचा हात वेगळा होता" म्हणायचे, ते मला खुपायचं. दुकान माझं, मशीन माझं, आणि हात तिचा.

मॉलमध्ये गेलो त्याच्या पुढच्याच आठवड्यात अमेयचं ठरणार होतं. जुन्या टीमने करार वाढवला नव्हता. दुसऱ्या एका टीमने तीन दिवसांच्या चाचणीला बोलावलं होतं. वय एकोणतीस. "इथे नाही झालं तर गोडाऊनमध्ये पूर्णवेळ, काका. हॉकी संपली," असं तो बोलला होता. रविवारचं विमान. गुरुवारी एकटाच मॉलमध्ये जाऊन पडून आला आणि मला सांगितलं. मी खोटं म्हटलं. म्हणून शुक्रवारी मला घेऊनच आला.

तर तिसऱ्यांदा आपटल्यावर त्याने बॅगेतून एक जोड काढला.

"हा मागच्या वर्षीचा. वापरायचा राहिलेला."

त्याने पाती बदलली आणि उलटा निघाला. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, खांदासुद्धा हलला नाही. गर्रकन वळला, परत आला. पोरी हसायच्या थांबल्या. एकीने मोबाईल वर केला.

"दोन्ही तुम्हीच घासलीत," अमेय म्हणाला. "हात लावून बघा."

आमची परीक्षा नखाची. धारेवर नख आडवं ओढायचं. धार असली तर नखाची भुकटी निघते. मागच्या वर्षीच्या जोडावर मध्ये निघाली. पुढच्या टोकाला बोटभर आणि मागच्या टोकाला बोटभर मात्र नख नुसतं घसरलं. दोन पाती, चार टोकं, चारही मारलेली. कुणीतरी मुद्दाम, एकसारखी बोथट केलेली.

"हे कुणी केलं?"

अमेय लेस ओढत बसला. "काकूंनी. दर वर्षी करायच्या."

"मला न सांगता?"

"तुम्हाला मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. टोकाला धार कमी करा म्हणून. तुम्ही म्हणालात, बोथट हवं तर घरी फरशीवर घास, माझ्याकडे कशाला येतोस."

म्हणालो असेन. बोलणं माझंच वाटतं.

"मी निघालो, तर काकूंनी खूण करून थांबवलं. तुम्ही पुढचं काम मशीनवर धरलंत की त्या दगड काढायच्या. आवाजात तुम्हाला कळायचं नाही." तो हसला. "म्हणायच्या, ह्यांना समजलं तर दोघांनाही बाहेर काढतील."

मी हसलो नाही. नऊ उन्हाळे माझ्यापासून तीन फुटांवर हे दोघं हसत होते आणि मी भिंतीकडे बघत घासत होतो. एकेचाळीस वर्षांत माझ्याबरोबर तिने असं एकही गुपित केलं नाही. या पोराबरोबर केलं. मेलेल्या बायकोवरून पोराचा हेवा करायची लाज वाटायला हवी. नाही वाटली.

"वाघोलीला एकाने परदेशातून या पात्यांचं मशीन आणलंय," मी म्हणालो. "त्याच्याकडे जा."

"मला मशीन नकोय. असंच हवंय."

"असं करणारी गेली."

"माहितीये, काका. म्हणून तर तुम्हाला आणलं."

रिक्षात आम्ही बोललो नाही. हिंजवडी ते शनिवार पेठ, त्या ट्रॅफिकमध्ये न बोलता बसणं हे मोठं काम आहे. ते आम्ही दोघांनी केलं.

दुकानात मी तिच्या खणातला दगड काढला. टोकावर टेकवला, आणि हात पुढे जाईना. जन्मभर धार लावलेली, ती मारायची कशी हे हाताला ठाऊकच नाही.

"असं नाही, काका. मनगट सैल सोडा. दगड जरा तिरपा धरायच्या त्या. दोनदा ओढायचा, उचलायचा, नखाने बघायचं."

"तू शिकव मला."

"मी नाही शिकवत. बघितलंय ते सांगतोय."

तेच तर. माझ्या बायकोचा हात कसा चालायचा ते त्याने समोरून बघितलं होतं. मी मान वळवली नव्हती.

पहिलं टोक मी फार मारलं. परत मशीनवर घ्यावं लागलं. दुसरं जमलं. तीन जोड, बारा टोकं. अख्खी दुपार गेली. शनिवारी तो परत मॉलमध्ये गेला आणि तिन्ही जोडांवर एकदाही न पडता आला.

तेव्हा मी मागितलं. "तिने केलेला जोड ठेवून जा."

"नाही, काका."

"माझ्याकडे तिच्या हातचं काही नाही. आमच्या धंद्यात केलेलं सगळं गिऱ्हाइकाकडे जातं."

"ठेवून काय कराल? खणात टाकाल." त्याने जोड बॅगेत घातला. "त्यांनी खेळायला दिलाय."

बर्फावर थोडे दिवस चालला की तो जोड परत घासावा लागणार. टोकंही घासली जाणार. मग तिचा हात त्यावर राहणार नाही. हे त्यालाही कळत होतं. तरी घेऊन गेला.

चाचणीनंतर फोन आला. एका सीझनचा करार मिळाला. माणसाने आधी शाबास म्हणावं. मी विचारलं, "कुठली पाती घातलीस?"

"दोन दिवस तुमची. मस्त चालली."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"काका, तो शेवटचा दिवस होता."

मी फोन ठेवला. शाबास म्हणायचं राहिलं ते राहिलंच.

धंद्यातलं सांगायचं तर गिऱ्हाईक त्याला काय हवं ते एकदाच सांगतं. तेव्हा ऐकलं नाही तर पुन्हा तुम्हाला सांगत नाही, तुमच्या मागच्या माणसाला सांगतं. माझ्या मागे आता कुणी नाही, म्हणून मी जुन्या गिऱ्हाइकांना विचारत सुटलोय, काकू तुमच्या वस्तूला काय करायच्या? पार्लरवाली म्हणाली, कात्रीचा स्क्रू पाव आटा सैल करायच्या. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, घरात नातू आहे म्हणून टोक गोल करून द्यायच्या. खानावळीचा मालक म्हणतो, काही नाही हो, नुसत्या पुसून द्यायच्या. त्याच्यावर माझा विश्वास नाही. मंगळवारी त्याच्या सुऱ्या येतात, तेव्हा परत विचारणार आहे.