घेराची पाटलोण आणि शिडाची शिवण

रत्नागिरीत पेठकिल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर गोदूबाई नागवेकरणीचं घर होतं. सन तीस-पस्तिसाच्या सुमारास त्या घराच्या पडवीत बसून ज्याने पाटलोण शिवून घेतली नाही, त्याने स्वतःला शौकीन म्हणवून घेऊ नये, अशी गावात रीतच पडली होती. पाटलोण म्हणजे खाली घेर असलेली. गुडघ्यापर्यंत चारचौघांसारखी, आणि तिथून पुढे अशी सुटत गेलेली, की चालताना पायातला जोडा दिसू नये.

मुळात हा पोशाख खलाशांचा. गोऱ्यांच्या जहाजांवर तो कधीपासून चालत आलेला. मग विलायतेतल्या कॉलेजांतल्या पोरांना रुंद पाटलोणींचं वेड लागलं, त्यांचं बघून मुंबईच्या छानछोकी मंडळींनी त्या शिवल्या, आणि मुंबईला जे आज, ते रत्नागिरीला पुढच्या आगबोटीने. काय असतं एवढं त्या घेरात? सांगतो. माणूस कितीही मरतुकडा असो, तो घेर घालून चालू लागला की कापड त्याच्या मागून डुलत येतं, वारा पायांशी खेळतो, आणि कोर्टातला कारकूनसुद्धा नुकताच दर्यावरून उतरल्यासारखा दिसतो. उगाच नाही लोक वेडे होत.

असाच एक कारकून, बाळा शिवलकर, स्वतःच्या लग्नाची पाटलोण शिवायला गोदूबाईकडे आला. कापड भारीतलं होतं. म्हणाला, "गोदूवैनी, घेराची शिवण तेवढी बारीक घाला. ही तुमची जाडी शिवण बाहेरून दिसते. मी काय दर्यावर जायचा नाय."

गोदूबाईने कापडाची घडी घातली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "मग पेठेतल्या शिंप्याकडे जा, बाळा."

पेठेतल्या शिंप्याचा घेर कसा गबाळा पडतो, ते बाळाने मित्रांच्या पायांवर पाहिलं होतं. त्याने निमूट कापड परत तिच्यापुढे सरकवलं. ह्या बाबतीत तोंड वर करून बोलायला बाळाला जागाच नव्हती. का नव्हती, त्यासाठी दहाएक वर्षं मागे, एका शिमग्यात जायला हवं.

गोदू मूळची हर्णेची. तिचे वडील रावजी बंदरात शिडं शिवायचे. आई लवकर गेली, म्हणून पोर बापाच्या मांडीला मांडी लावून शिवायला शिकली. शीड जुनं झालं की त्याला पोट सुटतं, मग ते वारा धरत नाही, नुसतं फडफडतं. अशा वेळी रावजी फाजील कापड कापून शीड बसतं करायचे आणि लेकीला म्हणायचे, "फडफडतं ते वाया, गो." हे वाक्य गोदूच्या हाडात मुरलं होतं. लग्न होऊन ती रत्नागिरीत आली ती सुई, दाभण, बापाने दिलेला शिडाचा दोरा आणि मेणाचा गोळा घेऊनच.

नवरा आत्माराम सरकारी जहाजावर खलाशी. वर्षातून एकदा, शिमग्याला, रजेवर यायचा. त्या वर्षी तो आला तो पहिल्यांदाच घेराची निळी पाटलोण घालून. आगबोटीतून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात आणि पडावातून धक्क्यावर उतरला, आणि बंदरावरच्या वाऱ्याने ते दोन्ही घेर असे फडफडवले की कोळणींनी पाट्या खाली ठेवून बघितलं. गोदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिडं शिवणाऱ्याची लेक ती, आणि तिचाच नवरा पोट सुटलेली दोन शिडं पायात घालून गावभर हिंडतोय.

त्यात शिमगा. शिमग्यात कोणी कोणाची टर उडवली तर राग धरायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक. होळीच्या दुसऱ्या दिवशी घरोघर नाचत फिरणाऱ्या खेळ्यांमध्ये एक सोंग आलं: दोन्ही पायांत तांदळाची एकेक रिकामी गोण, डोक्यावर खलाशाची कागदी टोपी. अंगणाअंगणात ते सोंग गोणी फडफडवत नाचायचं आणि लोक पोट धरधरून हसायचे. सोंगाच्या आत कोण, तर हाच बाळा शिवलकर. आत्माराम स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसला. गोदूच्या सासूबाई आनंदीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. गोदू हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्माराम धोतर नेसून देवीच्या पालखीला खांदा द्यायला गेला. पालखी म्हणजे दिवसभराचं काम. गोदूने खुंटीवरची पाटलोण खाली काढली, उसवली, दोन्ही पायांतला फाजील घेर कातरून लांब तिकोनी तुकडे काढले आणि पाय सरळसोट शिवून टाकले. काम इतकं नेटकं, की रावजींनी पाठ थोपटली असती. कापलेले तुकडे टाकायचे कशाला? सासूबाईंची वाकळ शिवायला घेतलेलीच होती, तिच्या काठाला ते बसवून दिले. तिला वाटलं, नवरा खूश होईल. पण पुढे शिमगाभर तो धोतरातच हिंडला, पाटलोण घडी घालून तशीच पडून राहिली.

रजा संपायच्या आदल्या दिवशी सकाळी आत्मारामने पेटी भरायला घेतली. पाटलोण उचलली, झटकली, आणि हातात धरून उभाच राहिला.

"हे कोणी केलं?"

"मी," गोदू म्हणाली. "बसती केली. आता कोणी हसायचं नाय."

आत्माराम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उंबऱ्यावर बसला आणि लहान पोराला समजवावं तसं सांगू लागला. डेक धुताना पाटलोण मांडीपर्यंत गुंडाळावी लागते, ती ह्या घेरामुळे गुंडाळता येते. माणूस पाण्यात पडला तर पायातल्या बुटांवरून ती एका ओढीत निघाली पाहिजे, नाहीतर तीच पाय धरून खाली नेते. आणि निघाली, की तिच्या दोन्ही पायांच्या तोंडांना गाठ मारायची, डोक्यावरून फिरवून आत हवा भरायची आणि तिची कंबर पाण्याखाली दाबून धरायची. मग दोन्ही पाय फुगतात आणि माणूस त्यांच्या बेचक्यात तरंगत राहतो. "ही पाटलोण नाय गो," तो म्हणाला, "ही आमची होडी. दुसरी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर हीच."

गोदू उठली, सासूबाईंच्या अंगावरची वाकळ ओढली आणि काठ उसवायला बसली.

"अगो, माझ्या अंगावरचं काढून नवऱ्याच्या पायात घालतेस होय?" आनंदीबाई करवादल्या. पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी पुढचं गिळलं, आणि स्वतःच दुसरं टोक धरून टाके काढू लागल्या.

ते तुकडे गोदूने रात्र जागून, परकराच्या कळ्या जोडतात तसे, परत पायांत बसवले. साधी शिवण घातली नाही. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, मेण लावलेल्या दोऱ्याने, आतून एक आणि बाहेरून एक अशी शिडाची शिवण घातली. जिच्यातून वारा जात नाही, ती. फक्त एका जागी, डाव्या पायाच्या आतल्या कळीला, बापाने दिलेला दोरा संपला. पुढे घरातला साधा दोरा मेणात बुडवून तिथे गाठ मारावी लागली. ती गाठ तिच्या मनाला पटली नव्हती. पण उजाडलं, बोटीची वेळ झाली. आत्मारामने पाटलोण घातली, पाय झाडून बघितला. घेर पहिल्यापेक्षा सुबक पडत होता.

"शिवण साहेबाच्या डोळ्यात येईल," तो हसून म्हणाला.

"येऊ दे," गोदू म्हणाली.

वैशाख सरला, आगबोटी बंद झाल्या, दर्या खवळला. पावसाळ्यात रत्नागिरीला मुंबईची खबर यायची ती घाटावरून, फिरून फिरून. आषाढात असाच एकजण घाट उतरून आला आणि त्याने सांगितलं, की आत्मारामच्या जहाजावरची एक लहान बोट वादळात उलटली. त्यात आपल्याकडचे खलाशी होते. काही सापडले, काही नाहीत. कोण सापडले ते त्याला ठाऊक नव्हतं. तारेने विचारलं, उत्तर आलं नाही.

बाई गं, कसे काढले असतील ते दिवस तिने. सासू देवीला गाऱ्हाणं घालत होती. गोदूला देवीपुढे उभं राहायचीही लाज वाटत होती. तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती: डाव्या पायाची ती गाठ. तिथूनच हवा गेली असणार. दुसरं कोणी नाही, आपणच कापली, आपणच जोडली, आणि जोडताना एका जागी कमी पडलो. चुलीपुढे बसलं की तीच गाठ, पाणी भरताना तीच गाठ. बाळा शिवलकर एकदा दारात येऊन मान खाली घालून उभा राहिला, म्हणाला, "वैनी, सोंग मी आणलं होतं." ती म्हणाली, "कातर माझ्या हातात होती रे." आणि आत निघून गेली.

नारळी पुनव झाली, दर्याला नारळ दिला, आणि गणपतीच्या तोंडावर पहिली आगबोट लागली. अख्खा पेठकिल्ला बंदरावर लोटला. पडाव भरून चाकरमानी उतरू लागले, पेट्या, गाठोडी, हाकाहाकी. पहिल्या पडावात कोणी नव्हतं. दुसऱ्यात आत्मारामचा सोबती धाकू दिसला. आणि त्याच्यामागून, धोतर नेसलेला, दाढी वाढलेला, काखेत एक गाठोडं धरलेला आत्माराम उतरला. दूरच्या बंदरातल्या इस्पितळातून धाडलेलं त्यांचं पत्र वाटेतच कुठे राहिलं होतं.

आनंदीबाईंनी हंबरडा फोडला आणि लेकाला मिठी मारली. धाकू गोदूपुढे आला. "वैनी, माझी पाटलोण लाटेने हातातून नेली," तो म्हणाला. "दोघं मिळून ह्याचीच धरून होतो. उजाडल्यापासून दुसरी बोट येईपर्यंत. आम्ही दमलो, पण तिची हवा नाय गेली."

आत्मारामने गाठोडं सोडलं. आत ती निळी पाटलोण होती, मिठाने कडक झालेली. त्यांना वर ओढून घेताना उसवलेला कंबरेचा पट्टा लोंबत होता. ती शिवण कारखान्यातल्या मशिनीवरची. गोदूने पाटलोण हिसकावूनच घेतली. सगळ्या बंदरादेखत ती तिथे ओल्या दगडावर बसली, डावा पाय उलटा केला आणि आतल्या कळीवरून बोट फिरवत खाली खाली गेली. मिठाचे कण निघत होते. टाका टाका बघत ती त्या जागेपाशी आली. गाठ होती तशीच होती. मेण उडालं होतं, दोरा फुगला होता, पण हाललेला नव्हता. तिने नख घालून बघितलं. पुन्हा बघितलं.

"अगो," आत्माराम तिच्यासमोर उकिडवा बसत म्हणाला, "आता माझ्याकडे तरी बघ."

तेव्हा कुठे तिने मान वर केली.