अंगात येतं, असं मीच सांगितलं

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. त्याच्याच आईबद्दलचं आहे, तरी नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

मी महागाव तालुक्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. हल्ली यवतमाळला जिल्हा कचेरीसमोर आमच्या आंदोलनात माइकवर बोलते. प्राथमिक आरोग्य केंद्रात म्हाताऱ्या माणसांची स्मृती तपासा, आम्हा आशांना ते नीट शिकवा, औषध तालुक्यात मिळू द्या, सांभाळणाऱ्यांना घटकाभर टेकायला जागा द्या — सरकारनं हे करायलाच हवं, आणि मी ते मनापासून मागते. बरं बोलते, असं लोक म्हणतात. पण दिव्याखाली अंधार असतो ना, तसं आहे माझं.

सासूबाई स्वतःच्या तुरीच्या शेतात वाट चुकल्या, तेव्हा मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. प्रशिक्षणात एका मॅडमनी सांगितलं होतं की म्हातारपणी असं विसरणं हा आजार असतो. पुढं त्या माझ्या पोराला भाऊ म्हणू लागल्या, बसल्या जागी बडबडू लागल्या. आणि लेकीचं लग्न जमवायचं होतं. घरात वेडं माणूस आहे म्हटलं की सोयरीक मोडते — मला तेवढंच दिसत होतं.

शेजारणीनं विचारलं, "बुढी काहून अशी बडबडून राह्यली व?"

"अंगात येते त्यांच्या," मी म्हटलं.

बाकीचं गावानं केलं. मंगळवारी बाया ओटी घेऊन येऊ लागल्या. मीच सासूबाईंना न्हाऊ घालायची, हिरवं लुगडं नेसवायची, कपाळभर कुंकू लावून पाटावर बसवायची. बाया पायावर डोकं ठेवायच्या, पोराच्या नोकरीचं विचारायच्या. सासूबाई घाबरून माझा पदर धरायच्या. मी तो सोडवून घ्यायची. कळवळा यायला हवा होता — नाही आला. आता आठवतानाही आत फारसं काही हलत नाही, तेही सांगून टाकते.

मग तालुक्याहून डॉक्टर आले. विसर पडणारी म्हातारी माणसं असतील तर तपासणीचं शिबिर तुमच्याच गावात घेऊ, म्हणाले. घरोघरी फिरणारी मी, म्हणून मलाच विचारलं. तसं कोणीच नाही, मी म्हटलं. शिबिर दुसऱ्या गावाला गेलं. आमच्या गावात सासूबाईंसारखी आणखी माणसं होती, कुठल्या घरात कोण, हे मला पाठ होतं.

पुढं एका मंगळवारी त्या एकच धरून बसल्या, "मले घरी जाऊ द्या." बायांनी अर्थ लावला — देवीला देवळात जायचंय. भर उन्हात डफडं वाजवत त्यांना अनवाणी टेकडीवर नेलं. मी आरतीचं ताट घेऊन पुढं होते. थांबवता आलं नसतं का मला? एक शब्द पुरला असता. त्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलं, ते शेवटपर्यंत. लेकीचं लग्न चांगल्या घरी झालं.

मागच्या महिन्यात भाषणानंतर दिग्रसकडची एक बाई जवळ आली. तिची आई तिला ओळखत नाही आता. तिनं आईचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "ताई, तुमाले एवढं कसं समजते? तुमच्या घरी होतं का कोणी असं?"

मी म्हटलं, "नाही."