पाणी कुठवर आलं होतं?

पवना नदीच्या काठी घर बांधू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला पूररेषा आखणारे कचेरीतले सर्वेक्षक एकच प्रश्न विचारीत: “पाणी कुठवर आलं होतं?” तोंडी उत्तर चालत नसे; स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवावे लागे. तोवर ते तिथली चिमूटभर माती अत्तरासारखी हुंगत राहत.

मला नदीकडे उघडणारी एक खिडकी हवी होती. त्यामुळे ते आमच्या थेरगावच्या जागेवर आले, तेव्हा मीही सासऱ्यांच्या मागे येऊन उभी राहिले. सासऱ्यांनी वाकून घोट्याला बोट लावले. “हितवर. त्येच्या वर न्हाई.”

सर्वेक्षकांनी पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. मागच्या पुरानंतर मदतीसाठी केलेला पंचनामा होता तो. “मामा, तेव्हा तुम्ही गळा दाखवला होता. खाली अंगठाही तुमचाच आहे.”

“तवा जरा वाढवून सांगितलं व्हतं, सायेब.”

“मग तेव्हा खोटं बोललो, असं लिहून द्या.”

सासऱ्यांनी त्या संथ, हिरव्या पाण्याकडे पाहिले. मग त्यांचा हात घोट्यावरून निघाला, आणि माझी खिडकी बुडू लागली. कमरेशी हात थांबला.

“हितं मिटवू या का?”

सर्वेक्षकांनी पेन्सिल हलवून खुणावले: आणखी वर.