डाव्या हातचा मळ

श्रुतिका राऊळ इंग्लंडला गेली तेव्हा चारकोपच्या तिच्या सेक्टरात बहुतेकांची समजूत होती की ती तिकडे ऑपरेशनं करणार. ‘ओटी’ म्हटलं की पुरुषांना ऑपरेशन थिएटर आठवतं, आणि बायकांना खणानारळाने भरायची ती ओटी. ऑक्युपेशनल थेरपी नावाचं शिक्षण असतं, त्यात साडेचार वर्षं घासावी लागतात, हे आम्ही दोघींनी इतक्या जणांना समजावलंय की शेवटी मी ‘फिजिओसारखंच काहीतरी’ म्हणून मोकळी व्हायला लागले. श्रुतिका नाही. ती समोरच्याला बसवून सांगायची, "फिजिओ माणसाला चालतं करतो. चालत जाऊन तो पुढे काय करणार ते आम्ही बघतो. आंघोळ, कपडे, जेवण, चहा." त्यावर तिच्या मावशीने विचारलं होतं, "म्हंजे मोलकरणीचाच काम ना गो?"

आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. मी बोरिवलीत दोन खोल्यांचं क्लिनिक थाटलं आणि तिथेच राहिले; ती आठ वर्षांपूर्वी गेली. मला हेवा वाटला नाही असं म्हटलं तर ते धादांत खोटं होईल. तिचे बाबा धर्माजी राऊळ, चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत तीस वर्षं लेथवर उभे होते. ही एकुलती एक. इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली, तिकडच्या नोंदणीचे कागद हलायला चौदा महिने गेले. व्हिसा आला त्या दिवशी काकांनी गल्लीत पेढे वाटले आणि येईल त्याला पोरीचं कौतुक सांगितलं, "आमचा चेडू इंग्रजांका जेवूक शिकयता."

सुरुवातीला मात्र इंग्रजांनीच तिला शिकवलं. पहिल्या महिन्यात वॉर्डातल्या एका म्हातारीला स्वेटरची बटणं लागेनात. हात थरथरत होता, वीस मिनिटं झाली तरी दुसऱ्या बटणावरच. आपल्याकडच्या कुठल्याही लेकीने केलं असतं तेच हिने केलं. "असू दे, मी लावते" म्हणून पटापट बटणं लावून दिली. संध्याकाळी वरिष्ठ बाईंनी बोलावून विचारलं, "घरी गेल्यावर तिला बटणं कोण लावणार? तू?" श्रुतिकाने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. त्यानंतर ती बदलली. पेशंट कितीही झगडो, ही हात मागे बांधून उभी. "मदत करणं सोपं असतं गं," ती म्हणायची, "न करणं कठीण." पुढे तिला बढती मिळाली, नव्या मुलींना शिकवायला लागली. कामाला ती चोख होती, हे मी शंभर वेळा सांगेन.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर काकांना लकवा मारला. डावी बाजू गेली. पाय महिन्याभरात जरा सावरला, उजव्या हातात काठी धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागले, पण डावा हात नुसता लोंबत राहिला. मी आठवड्यातून एकदा जात होते. हाताचे व्यायाम करून घ्यायचे, खुर्चीवरून उठवायचे, श्रुतिकाच्या आईच्या, विमलाकाकूंच्या हातचा चहा घ्यायचे आणि निघायचे. जेवत होते बिचारे, उजव्या हाताने, आपले आपण. संडासात विमलाकाकू बरोबर जायच्या आणि सगळं करायच्या. घरचं माणूस करतंय म्हटल्यावर मी त्यात नाक खुपसलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

जानेवारीत श्रुतिका तीन आठवड्यांच्या रजेवर आली. आली तीच पदर खोचून. दुसऱ्या दिवशी कमोडशेजारी भिंतीला दांडी बसली, न्हाणीत खुर्ची आली, संडासात चढायची पायरी बुटकी झाली. काकूंचे गुडघे आधीच गेलेले, त्यात नवऱ्याला धरून दिवसातून तीनदा वाकायचं. श्रुतिका म्हणाली, "आई, तू बाजूला हो. बाबांचा उजवा हात ठणठणीत आहे. त्यांना सगळं स्वतः करता आलं पाहिजे. असे पेशंट मी रोज बघते, माझ्या डाव्या हातचा मळ आहे." चार दिवसांत काका एकटे संडासात जाऊन, सगळं आटपून, एकटे बाहेर यायला लागले. तिने मला फोन केला तेव्हा आवाजात नुसता आनंद होता. मीही म्हटलं, झकास.

आणि त्याच आठवड्यात काकांनी जेवण टाकलं.

एकदम नाही. आधी अर्धी भाकरी, मग चतकोर, मग दोन घास घेऊन ताट सरकवायचं. बांगड्याचं तिखलं केलं, पेज केली, शेजारच्यांनी खास मोरी माशाचा मसाला पाठवला. काका ताटाकडे बघत बसायचे. श्रुतिकाने चमचा दिला, तोही नुसता चाटून खाली ठेवायचे. तिने गिळण्याची तपासणी केली, ते ठीक होतं. श्रुतिका आंघोळीला गेली की काकू घाईघाईने दोन घास भरवायच्या आणि ते मुकाट्याने खायचे. एकदा श्रुतिकाने हे पाहिलं आणि भडकली. "म्हणजे भूक आहे! हा हट्ट आहे नुसता. तू भरवत राहिलीस तर ते कधीच हाताने जेवणार नाहीत, आई. मी गेल्यावर काय करशील?" काकूंनी भरवणं बंद केलं. लेक शिकलेली, आठ वर्षं हेच करणारी. तिच्यापुढे काय बोलणार?

गुरुवारी डॉक्टर येऊन गेले. वजन साडेचार किलोने उतरलं होतं. म्हणाले, सोमवारपर्यंत हे असंच चाललं तर भरती करा, नाकातून नळी घालावी लागेल. श्रुतिकाचं विमान पुढच्या शनिवारचं. रविवारी सकाळी तिचा मला फोन आला, "गंधाली, तू ये ना गं. माझं डोकं चालत नाहीये."

श्रुतिका आल्यापासून मी तिकडे फिरकले नव्हते. मी गेले तेव्हा अकरा वाजले होते. काका पलंगावर बसलेले, गालफडं बसलेली. काकूंची पूजा चालली होती. देव्हारा भिंतीतला, फळीएवढा. काकांच्या घरात एक रीत होती, पूजा कोणीही करो, शेवटचं फूल काकांनी वाहायचं. आजारपणातही ते चुकलं नव्हतं, मीच दोनदा पाहिलं होतं. काकूंनी जास्वंदीचं फूल त्यांच्यापुढे धरलं. काकांनी मान हलवली. काकूंनी ते स्वतःच वाहिलं.

"काकू, हे कधीपासून?" मी विचारलं.

"धा-बारा दिस झाले. देवाक हात लावणत नाय. इचारला तर गप. आणि बेसिनकडे गेले की हात धुवतच ऱ्हवतत. साबणाची वडी चार दिसांत संपता."

मी काकांचा उजवा हात हातात घेतला. ते ओढून घ्यायला बघत होते. बोटांच्या बेचक्यांत कातडी उकललेली, तळवा पांढराफटक. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडल्यावर इतका राग आला की कोणावर काढू ते कळेना. सभ्य वाचकांनी नाक मुरडू नये. आमचा धंदाच हा आहे.

"श्रुतिका," मी म्हटलं, "संडासात बाबा कुठल्या हाताने धुतात?"

"उजव्या. डावा चालतच नाही ना. मीच शिकवलं, पुढून पाणी कसं घ्यायचं, कसं..." आणि ती थांबली.

तिकडे कागद असतो. तिकडे हात म्हणजे चांगला हात आणि वाईट हात, जोर असलेला आणि नसलेला. जो हात चालतो त्याने सगळं करायचं, पुस्तकात तसंच आहे, आम्ही इथे शिकलो त्या पुस्तकातही तसंच होतं. पण ह्या माणसाने सदुसष्ट वर्षं एक हात त्या कामाला ठेवला होता आणि एक हात जेवायला, देवाला, कोणाला काही द्यायला. श्रुतिकाने त्याला दोन्ही कामं एकाच हाताने करायला लावली होती. सकाळी ते, दुपारी तोच हात ताटात. साबणाने धुतला म्हणून काय झालं? तिलाही लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून फटका बसला असेल, मलाही बसलाय. मुंबईत वाढलेल्या दोन पोरी, साडेचार वर्षं शिकलेल्या, आणि आमच्या दोघींच्या लक्षात आलं नाही.

श्रुतिका जमिनीवर बसली, वडिलांच्या पायाशी. "बाबा, मला सांगायचं ना. नाही जमत, नको वाटतं, एवढं म्हणायचं ना."

काकांनी नजर खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "एवढ्या लांबसून इलंस. एवढ्या मायेन शिकवलंस. आपल्या चेडवाक नाय कसा म्हणू?"

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

उपाय अगदी साधा निघाला, हेच जास्त लागलं. कमोडच्या सीटखाली बसवायचा फवारा मिळतो, कडेला एक खटका असतो, तो फिरवला की झालं, हात लावायलाच नको. आमच्या क्लिनिकचा प्लंबर पिंटू रविवार असूनही आला आणि तासाभरात बसवून गेला. संध्याकाळपर्यंत काकांनी उजव्या हाताला काकूंकडून तीनदा गोमूत्र लावून घेतलं. श्रुतिकाने एका शब्दानेही हरकत घेतली नाही. मग सातच्या सुमाराला त्यांनी भात मागितला. कालवला, घास केला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. पूर्ण वाटी संपवून म्हणाले, "तिखला ऱ्हवला असात तर आण." काकू रडत रडत वाढत होत्या. सोमवारची नळी टळली हे आम्हाला सगळ्यांनाच कळलं होतं.

मला वाटलं आता श्रुतिका मोकळी होईल, हसेल. मी स्वयंपाकघरात गेले तर ती मोरीपाशी ताट घासत होती. घासून झालेलं ताट पुन्हा घासत होती.

"अगं, जेवले ना ते," मी म्हटलं.

"मागच्या हिवाळ्यात आमच्या वॉर्डात एक आजोबा होते," ती म्हणाली, "नवसारीकडचे. इंग्लंडात चाळीस वर्षं दुकान चालवलेले. हेच. डावी बाजू. मी त्यांना दहा दिवसांत एकट्याने संडासात जायला शिकवलं. नव्या मुलींना दाखवलं, बघा, असं करायचं असतं."

पुढचं मला कळायला लागलं होतं, आणि ते ऐकायचं नव्हतं.

"नंतर ते जेवेनात. मी केसपेपरवर लिहिलं, मन उदास, भूक मंद. मानसोपचारवाल्यांना बोलावलं. गोळ्या सुरू झाल्या. कोणी विचारलं नाही, मीही नाही. मला तर त्यांची भाषाही थोडी येत होती, गंधाली. ते मला बेटा म्हणायचे. रोज सकाळी मी आले की हसायचे आणि जायचे आपले काठी टेकत, मी सांगितलं तसं करायला."

"मग?"

"मग नळी घातली. ती त्यांनी दोनदा उपटून काढली. मार्चमध्ये गेले." तिने नळ बंद केला. "त्यांच्या मुलीने मला कार्ड दिलं. माझ्या वडिलांना शेवटपर्यंत मानाने जगू दिलंत, म्हणून. ते माझ्या टेबलासमोर लावलंय मी. रोज दिसतं. आता गेल्यावर काढू का गं ते?"

बाहेरच्या खोलीत काका काकूंना म्हणत होते की भात अजून थोडा चालेल. तिला जवळ घ्यावं, तुला काय ठाऊक होतं गं, असं म्हणावं, असं मला खूप वाटलं. ते खरंही होतं. पण तिच्या हाताखाली त्या नव्या मुली होत्या, तिने दाखवलं तसंच करणाऱ्या.

"नको काढू," मी म्हटलं. "तिथेच ठेव."

इतकं कठोर मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिने मान डोलावली आणि बाबांना भात वाढायला गेली.