आप्पांच्या सत्काराचं स्वेटर

आमच्या घरात स्कूटर बायको चालवते आणि स्वेटर मी विणतो.

शिरूरमध्ये याचं आता कुणाला काही वाटत नाही. विणकाम मला आईनं शिकवलं आणि आईला मिशनच्या बोर्डिंगमधल्या बाईंनी. मी डावखुरा, त्यामुळे आई माझ्या शेजारी न बसता समोर बसायची आणि मी आरशात बघावं तसं तिच्या हातांकडे बघत शिकलो. पुढे रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला लागलो. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता माझ्या सुया चालायच्या. बरोबरची पोरं हसायची, आणि थंडी पडली की तीच पोरं हळूच शेजारी येऊन बसायची. "काका, एक कानटोपी जमंल का?" कानटोप्यांच्या बाबतीत अख्खी सेकंड शिफ्ट माझ्या उपकाराखाली होती!

निवृत्त झालो आणि सूत कातायला लागलो. कारण साधं होतं. विकतची लोकर काय, कुणीही विणेल. आपल्या हातचं सूत पाहिजे! वडगाव रासाईला भीमेकाठच्या रानात दर साली खतासाठी मेंढरं बसायला येतात. त्या मेंढरांचे मालक आबा हे माझे गुरू. आबा चालता-चालता, बोलता-बोलता, मेंढराला शिव्या देता-देता टकळी फिरवतात आणि त्यांचा धागा तुटत नाही. माझा धागा सुरुवातीला शेजारच्या घरात कुणी शिंकलं तरी तुटायचा. पण मी चिकाटीचा माणूस. वर्षभरात माझं सूतही आबांच्या तोडीचं व्हायला लागलं. (हे माझं मत. आबांना मी विचारलेलं नाही.)

घराची अवस्था मात्र बघण्यासारखी झाली. सोफ्यावर लोकर, फ्रीजवर लोकर, चर्चला घालायच्या कोटाच्या खिशात लोकर. एकदा जेवताना मार्था, म्हणजे माझी बायको, चमचा वर धरून म्हणाली, "अहो, आमटीत मेंढरू निघालं."

"काळं की पांढरं?" मी सहज विचारलं. त्यानंतर दोन वेळा मी स्वतःच्या हातची आमटी खाल्ली.

आमची एकुलती एक लेक रूथ राहू गावात दिली आहे. लग्न चर्चमध्ये झालं आणि राहूला मांडवातही झालं, म्हणजे रुसायला दोन्हीकडच्या पाहुण्यांना भरपूर वाव मिळाला. आमचे व्याही आप्पा म्हणजे बागायतदार माणूस. ऊस, गुऱ्हाळ, मिशा, सगळं भरघोस. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं होतं, "पाव्हणं, रिटायर झाल्यावर आता काय करता?"

"विणकाम."

"म्हंजी वहिनी करत्यात?"

"नाही, मीच करतो."

आप्पा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी मला आणखी एक पुरणपोळी वाढायला सांगितली. अशक्त माणसाला वाढतात तशी!

तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं. या माणसाच्या अंगावर आपल्या हातचं स्वेटर घालायचं आणि त्याला गप्प करायचं. संधी गेल्या हिवाळ्यात आली. रूथचा फोन आला, "पप्पा, आप्पा सोसायटीचे चेअरमन झाले! गावात सत्कार आहे. तुम्ही शाल आणणार ना?"

"शाल कशाला? स्वेटर! माझ्या हातच्या सुताचं. स्टेजवर सगळ्यांसमोर घालणार."

रूथ हळूच म्हणाली, "पप्पा, नक्की ना? इथं बायका मला हसतात, 'तुझा बाप सुया घेऊन बसतो' म्हणून. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझ्या पप्पांच्या हाताला तोड नाही. मला तोंडघशी पाडू नका."

हे ऐकून माझी छाती जी फुगली, ती पुढं कामाच्या आड आली. सत्काराच्या आधी पुण्यात हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि तिथं माझा स्टॉल होता. मी आप्पांच्या स्वेटरची पाठ, बाह्या आणि पुढची डावी बाजू विणून संपवली होती. उजव्या बाजूचं सूत बरोबर घेतलं होतं, स्टॉलवर बसून विणावं म्हणून. तेवढ्यात एक बाई आल्या. त्यांनी ते सूत उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "इतकं एकसारखं हातसूत मी कुठंच पाहिलं नाही हो!"

"ते विकायचं नाही, ताई. व्याह्यांसाठी आहे."

"हाताची काय सफाई आहे! तुम्ही वर्ग का नाही घेत?"

मी ते सूत पिशवीत घालून त्यांच्या हातात दिलं. वर त्यांना चहा पाजला!

मार्था शेजारीच बसली होती. तिनं फक्त विचारलं, "आता आप्पांची उजवी बाजू उघडीच ठेवायची का?"

म्हणून प्रदर्शन संपताच मार्थाच्या स्कूटरवर मागं बसून मी वडगाव रासाई गाठलं. आबांकडे कातलेलं सूत तयार होतं. त्याच मेंढरांचं, तेच काळं, तितकंच बारीक. मी चष्मा लावून दोन्ही धागे शेजारी-शेजारी धरले. सगळी नोकरी माल तपासण्यात गेलेला माणूस मी! रंग पास, जाडी पास, मजबुती पास. एकच गोष्ट मी तपासली नाही आणि ती पुढं अख्ख्या राहू गावानं तपासली.

घरी येऊन झपाट्यानं उजवी बाजू विणली, शिवण घातली, बटणं लावली. खरं म्हणजे हातसुताला एक शिस्त असते. धागा दुहेरी करायचा, मग भिजवून, खाली वजन लटकवून वाळवायचा, म्हणजे तो शांत होतो. मी यातलं काहीच केलं नव्हतं. पाठीपासून सगळा धागा एकेरी आणि कोरडाच! वेळ होता कुणाला? तयार स्वेटर गादीखाली दाबून ठेवलं आणि वर मी झोपलो. काय सरळ झालं होतं म्हणता! देखणं, भारदस्त.

सत्काराच्या आदल्या दिवशी आम्ही राहूला पोचलो. आप्पांनी स्वेटर अंगावर लावून बघितलं. खांदे बरोबर, लांबी बरोबर, बटणं बरोबर. "झ्याक!" एवढंच म्हणाले, पण मिशा हलल्या. रूथनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे असे काही चमकले की मला आईची आठवण झाली. मग आप्पा मला गुऱ्हाळावर घेऊन गेले. तिथल्या प्रत्येक माणसाला सांगत होते, "ह्ये आमचं पाव्हणं. उद्या बगा, काय घालून येतोय म्या." मी काकवी पीत होतो आणि चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न करत होतो.

दुसऱ्या दिवशी मंडप गच्च भरला. माईकवर गावातलेच एक गुरुजी होते, ज्यांना शांतता सहन होत नाही. शाली झाल्या, नारळ झाले, फेटा झाला. मग गुरुजी गरजले, "आणि आता चेअरमनसाहेबांचे व्याही, शिरूरचे सुप्रसिद्ध कारागीर, स्वतः कातलेलं, स्वतः विणलेलं स्वेटर साहेबांना स्वतःच्या हातानं परिधान करवतील!"

विहीणबाईंनी रेशमी रुमालाखाली झाकलेलं ताट माझ्यापुढं धरलं. मी रुमाल काढला. घडी जरा विचित्र वाटली. स्वेटर उचललं आणि नाकाला वास आला साबणाचा.

"विहीणबाई," मी पुटपुटलो, "हे धुतलं का?"

"व्हय की!" त्या कौतुकानं म्हणाल्या. "लई मेंढरावानी वास येत हुता. काल तुमी गुऱ्हाळावर गेला तवाच गरम पान्यातनं काडलं, गच्चीत वाळवलं आन् घडी घालून कपाटात दाबून ठिवलं. समद्या गावाफुडं जायाचं, तर सोच्छ नगं?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. आबा उजव्या हातानं टकळी फिरवतात, मी डाव्या. त्यांच्या सुताला पीळ एका दिशेनं, माझ्या सुताला बरोबर उलट दिशेनं. एकेरी सुताला पाणी लागलं की त्यातला पीळ जागा होतो आणि आपल्या दिशेला ओढायला लागतो. या स्वेटरची एक बाजू माझी होती आणि एक आबांची!

पण टाळ्या पडत होत्या. मी आप्पांच्या हातात बाह्या घातल्या. वरचं बटण लागलं. दुसरं लावायला दम लागला. तिसऱ्यापासून काज आणि बटण यांची ओळखच राहिली नव्हती. डावी बाजू तिरकी होऊन राहूच्या बाजाराकडे निघाली होती आणि उजवी नदीकडे! मी दोन्ही टोकं धरून ओढली, कशीबशी जुळवली, सोडली, तर दोन्ही सटकन आपापल्या दिशेला परत.

"व्याही बटणं लावत आहेत!" गुरुजींनी माईकवर सांगितलं.

मी पुन्हा ओढलं.

"व्याही अजून बटणं लावत आहेत! जोरदार टाळ्या होऊ द्या!"

मी गुडघ्यावर बसलो. खालचं बटण आप्पांच्या बरगडीपाशी गेलं होतं आणि त्याचं काज पार दुसऱ्या खिशावर.

"व्याही खाली बसले आहेत!"

मंडपात खसखस पिकली. समोरच्या रांगेत रूथ बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्याच बायका होत्या. तिनं मान खाली घातली आणि ते बघून मला स्टेजखाली जाऊन बसावंसं वाटलं. माझी फजिती मला नवी नाही हो. पण पोरीनं बापाच्या हातावर सगळ्या सासरच्या देखत शब्द टाकला होता!

"आप्पा," मी खालूनच म्हणालो, "काढून घेतो. चूक झाली."

"कुनाची?"

"माझी. एका बाजूचा पीळ उलटा आहे."

आप्पांनी मान वाकवून स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग रूथकडे बघितलं. मग मला दंडाला धरून उठवलं आणि गुरुजींच्या हातातला माईक काढून घेतला. (गावात हे आजवर कुणाला जमलं नव्हतं.)

"मंडळी," आप्पा म्हणाले, "आज लई शाली आल्या. समद्या चांगल्या हायत. पन कुनी मला सांगा, ह्यातली एक तरी आननाऱ्यानं सवता केलीया? ह्या मानसानं मेंढराच्या पाठीवरनं लोकर घेतली आन् माज्या पाठीवर आनली. मदी दुसऱ्या कुनाला लई शिरू दिलं न्हाई. आता वाकडं झालंया. दिसतंय मला. वाकडं तर वाकडं! माजं प्वाट काय सरळ हाय व्हय?"

हसून मंडप कोसळला. असं हसणं मी कधी ऐकलं नाही. त्यात रूथही होती, मान वर करून, डोळे पुसत. शेजारच्या बाईनं तिला मोठ्यानं विचारलं, "ह्ये डिझाईन हाय व्हय गं?" रूथ काही बोलायच्या आत स्टेजवरून विहीणबाईच म्हणाल्या, "डिझाईन न्हाई बया, चूकच हाय. पन आमच्या घरची हाय!"

आप्पांनी ते स्वेटर दिवसभर काढलं नाही. भर दुपारी जेवणाच्या पंगतीत फिरत होते, स्वेटरचे दोन पंख पसरून. अस्सल मेंढराची राठ लोकर ती, सारखी पाठ खांबाला घासत होते.

"आप्पा, टोचतंय का?"

"न्हाई. खांब बगतोय, पक्का हाय का."

मी बाजूला जाऊन डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, अभिमानानंच. माझ्या विणकामाचा नाही, तो तेव्हा रजेवर होता. पोर चांगल्या घरात पडली, त्याचा.

तरीही मला चैन पडेना. घरी आल्यावर मी नव्यानं सुरुवात केली. सगळं सूत एकट्या माझ्या हातचं. धागा दुहेरी केला, भिजवला, लोखंडी खलबत्ता लटकवून वाळवला. यंदाच्या थंडीपर्यंत स्वेटर तयार झालं. धुतलं, पुन्हा धुतलं, मार्थाकडून धुवून घेतलं. सुतभरही हललं नाही! असं निर्दोष काम माझ्या हातून आजवर झालेलं नव्हतं. कागदात गुंडाळून आम्ही राहूला गेलो.

आप्पा ओट्यावर बसले होते, अंगात तेच तिरकं स्वेटर. विहीणबाईंनी बटणं उपटून त्याला नाड्या लावून दिल्या होत्या. मी नवीन स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, शिवण ताणून बघितली, बाहीत हात घालून बघितला.

"लई ग्वाड हाय," ते म्हणाले. मग आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "पाव्हणं, खरं सांगा. दुकानातनं आनलं न्हवं?"

"नाही हो आप्पा! मीच विणलंय!"

"बरं बरं, असू द्या," त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "वय झालं, हात थकत्यात, आमी समजून घेतो. पर आमाला नगा फसवू. तुमच्या हातचं आमी शंभरात वळखतो!"

रूथ दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. मी नवीन स्वेटर पुन्हा कागदात गुंडाळलं. इतकं छातीठोक कौतुक माझ्या एकाही सरळ स्वेटरच्या वाट्याला आजवर आलेलं नव्हतं!