भेटीचं लुगडं

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा आमचं घर कळंब्याच्या रस्त्यावर अगदी शेवटाला होतं. पुढे नुसती शेतं आणि त्यांच्या पलीकडे तळं नि तुरुंग. हे हायस्कुलात शिक्षक होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

महिन्यातून एकदा, भेटीच्या दिवशी, सकाळपासून त्या रस्त्यानं बायका जायच्या. कोडोलीकडच्या, शिरोळकडच्या, कुठकुठच्या. कमरेवर पोर, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. वाटेत कुणी विचारलं, “कुठं निघालाय पावणं?” तर सगळ्यांचं उत्तर एकच, “तळ्याकडं.” भाकरी बांधून आणि डोळे सुजवून तळ्याकडं कुणी जात नाही, हे विचारणाऱ्यालाही कळत असे. तरी तो विचारायचाच. माणसाला दुसऱ्याच्या तोंडून त्याची लाज ऐकायची भारी हौस असते, हे मला त्या रस्त्यानं शिकवलं.

सासूबाई मात्र काही विचारत नसत. ओसरीवर पाण्याची घागर, भिंतीला आरसा, कोनाड्यात कुंकवाचा करंडा आणि खुंटीला एक हिरवंगार इरकली लुगडं. बाई आली की हातपाय धुवायची, अंगावरचं विटकं, दंड घातलेलं लुगडं सोडून ते नेसायची, ठसठशीत कुंकू लावायची आणि तुरुंगाच्या वाटेला लागायची. परत आली की लुगडं घडी करून द्यायची, स्वतःचं नेसायची आणि गावाला जायची. दोघीतिघी एकदम आल्या तर पाळी लावून बसायच्या.

याच्या मागं एक गोष्ट होती. माझे सासरे चळवळीत तुरुंगात गेले होते. सासूबाई पहिल्यांदा भेटायला गेल्या त्या गुडघ्यावर ठिगळ असलेल्या लुगड्यात. जाळीतून सासऱ्यांनी ते पाहिलं. सुटून आल्यावर सांगितलं, की त्यानंतर कितीतरी दिवस घास उतरला नाही. सुटल्यावर ते फार जगले नाहीत. सासूबाईंचं सवाष्णपणीचं हिरवं लुगडं ट्रंकेत पडून राहिलं. त्यांना ते नेसता येत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं.

“माझ्या मालकास्नी लोकांनी हार घातलं,” त्या म्हणायच्या, “ह्यांच्या मालकांवर थुकत्यात. पन जाळीसमोर बाई उभी ऱ्हाती ती सारखीच की!” शेजारीपाजारी आमच्या घराला ‘चोरांच्या बायकांचं माहेर’ म्हणायचे. सासूबाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणू देत. माहेर म्हनत्यात, वाईट काय म्हनत्यात?”

या बायकांत कोडोलीची एक होती, माझ्याच वयाची. नवऱ्यानं बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली होती. त्याला जन्मठेप झाली आणि महिना उलटायच्या आत दिरांनी हिला लेकीसकट घराबाहेर काढलं. ती शिरोळकडं दुसऱ्याच्या उसातलं तण काढत, भांगलण करून पोट भरत होती. नवऱ्याला यातलं काही म्हणजे काही कळू द्यायचं नव्हतं.

“डोस्कं लई गरम हाय त्यांचं,” ती सांगायची. “कळलं तर आत कायतरी करून बसत्याल, न्हायतर सुटल्यावर आदी भावांच्या मागं लागत्याल. काय बी झालं तरी मला त्ये गावायचं न्हाईत.”

म्हणून जाळीसमोर तिचा संसार कसा झोकात चाललेला असायचा! दीर जपत होते, शाळू कमरेला लागला होता, गोठ्यात म्हैस होती. ही म्हैस आमच्या ओसरीवर वाढली. नेसता नेसता ती मला विचारायची, “आज म्हशीचं काय सांगू वैनी?” एकदा म्हणाली, “व्याली म्हणून सांगू?” मी म्हटलं, “अगं, मागच्या खेपेला गाभण राहिली म्हणालीस, एवढ्यात कशी विईल?” मग आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. सासूबाई आतून ओरडल्या, “हसा, हसा! नसलेल्या म्हशीचं दूध काढा!” ती निघताना मी तिचा काष्टा नीट करून द्यायची. परत आली की ती सांगायची, “लुगडं लई चांगलं दिसतंय म्हनलं.” दर खेपेला तेच. सांगताना तिचा चेहरा उजळायचा आणि लुगडं सोडताना पुन्हा उतरायचा. मला ते पाहवत नसे, म्हणून मी चहाच्या निमित्तानं आत जायची.

एके दिवशी तुरुंगातून सुटलेला एक म्हातारा गावाच्या वाटेवर आमच्याकडं पाणी प्यायला थांबला. अंगणात दोरीवर ते लुगडं वाळत होतं. म्हाताऱ्यानं तांब्या तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. मग हसायला लागला.

“ह्येच त्ये!” तो म्हणाला. “आक्का, आमच्या बराकीतल्या निम्म्याअर्ध्यांच्या बायका हेच नेसून येत्यात. आमी त्याला तळ्याचं लुगडं म्हनतोय.”

सासूबाईंनी ते लुगडं दोरीवरून ओढूनच काढलं. चांगलं दिसावं, लांबून नजरेत भरावं म्हणून इतकं ठसठशीत लुगडं खुंटीला लावलं, आणि जाळीपलीकडच्यांनाही डोळे असतात हे आम्हा दोघी शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. विटकरी, मळखाऊ, काही चाललं असतं. पण हिरवं इरकली!

“अन् कोडोलीवाला?” मी विचारलं.

“त्यो तर पयल्यापासनं वळखतोय. घरचं हाल बी त्येला ठावं हाईत, गाववाला एक आत आलाय न्हवं. पन सगळ्यास्नी ताकीद दिलीया त्येनं, कुनी तोंड उघडायचं न्हाय. म्हनतोय, एवढ्या लांबनं खोटं वागवत आणती बिचारी, तिला ते हितं उतरून ठेवू द्या.”

म्हातारा गेल्यावर मी म्हटलं, “आत्याबाई, तिला सांगायचं?” सासूबाईंनी म्हाताऱ्याचा तांब्या उचलून विसळला. मग म्हणाल्या, “नको. त्यो तिच्यासाठी गप हाय, ती त्येच्यासाठी बोलती. आपन मधी कशाला?” पुढच्या भेटीला कोडोलीची आली, तेव्हा मी काष्टा नीट करताना मान वर केली नाही. म्हशीला त्या महिन्यात रेडी झाली.

त्यानंतरच्या थंडीत तिच्या नवऱ्याला ताप आला आणि हटेना. खोकला होताच, त्यात तो खंगत गेला. एका सकाळी आमच्या ओळखीचा तुरुंगाचा शिपाई सायकल टेकवून दारात उभा राहिला. कोडोलीचा पहाटे गेला होता. गावाकडं माणूस धाडला, तर भाऊ म्हणाले, आमचा त्याचा काही संबंध नाही. “वारस आलं न्हाईत तर सरकारच उरकणार,” शिपाई म्हणाला आणि सासूबाईंची नजर चुकवून निघून गेला.

ह्यांनी शाळेत निरोप धाडला आणि मोटारीनं शिरोळ गाठलं. उसाच्या फडातून तिला उठवून आणलं. ‘आजारी आहे’ एवढंच सांगितलं होतं, रीतच तशी आहे. पण मास्तर स्वतः न्यायला आले म्हटल्यावर ती काय समजायचं ते समजली होती.

ती आली ती नेहमीसारखी ओसरीवर. लेक शेजारणीकडं ठेवून आली होती. घागरीतलं पाणी घेऊन हातपाय धुतले. मग खुंटीकडं पाहिलं.

“पोरी, आज…” सासूबाई खुंटीच्या आड आल्या.

“द्या आक्का.”

“आगं, आता कुणासाठी? ते बघायला…” सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला.

ती लुगड्याची घडी मोडत होती. अगदी हळू म्हणाली, “त्यास्नी ठावं हुतं आक्का. लुगड्याचं, दिरांचं, समदं. म्हशीचं निघालं की हसू दाबायचं. मला दिसायचं की जाळीतनं.”

“आणि तरी तू…” मी म्हटलं.

“त्यास्नी वाटायचं, मला कळलं न्हाय. म्हणून गप हसायचं. तेवढंच हसनं हुतं त्यांचं, वैनी. त्ये कसं काढून घ्यायचं?”

मला रडू आवरलं नाही. ज्याचं दुःख त्याच्या आधी आपण रडू नये म्हणतात. पण मी तिच्या आधी रडले, ओसरीच्या खांबाला धरून. तिनं स्वतःच काष्टा नीट केला. कुंकू लावलं. तिच्या हातानं लावलेलं ते शेवटचं कुंकू.

तुरुंगाच्या दारात तिनं त्याचं तोंड पाहिलं. खांदा द्यायला हे, ह्यांच्या शाळेतले दोघे आणि ड्यूटी संपवून आलेला तो शिपाई. तिच्या माणसांपैकी कुणी नाही. परत आल्यावर तिनं विहिरीवर अंघोळ केली, आपलं विटकं लुगडं नेसली आणि ते हिरवं स्वतः धुऊन दोरीवर घातलं. टोकं ताणून, सुरकुत्या काढून.

“असू दे ते,” सासूबाई म्हणाल्या. “ते आता कुणाला द्यायचं न्हाय. तूच घिऊन जा.”

“मी नेसून कुठं जाऊ?” ती म्हणाली. “दुसरीला द्या. माजं संपलं. तिचं हाय की अजून.”

ती पुन्हा आमच्याकडं आली नाही. येण्याचं काही कारण उरलं नव्हतं.

पुढच्या भेटीच्या दिवशी एक नवीनच पोर आली, हातातला चुडासुद्धा जुना झाला नव्हता. कुणीतरी तिला आमचं घर सांगितलं होतं. सासूबाई दारात घुटमळल्या. मृताच्या दारात नेसलेलं लुगडं या पोरीच्या अंगावर कसं घालावं, हे त्यांच्या मनातलं मला दिसत होतं. मग स्वतःशीच म्हणाल्या, “पयल्यापासनं ते विधवेचंच हाय की,” आणि खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलं.

मी पोरीच्या निऱ्या करून दिल्या. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, “वैनी, त्यास्नी खरं वाटंल न्हवं? चांगलं दिसतंय न्हवं?”

“लई चांगलं दिसतंय,” मी म्हटलं.